वाचकांचे प्रश्न: देणगी कुठे मुरते?

या वेळच्या सदराचा विषय ‘देणं आणि बदल’ असा होता. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नावं आणि पत्ते छापलेले नाहीत.

प्रश्न: आमचा महिलांचा गट शिरोळ तालुक्यात आहे. दरवर्षी आठ मार्चला आम्ही विधवा भगिनींना दहा शिलाई मशिनी देतो. यंदा चौकशी केली तर गेल्या वर्षीच्या दहांपैकी तीनच चालू आहेत. एक विकली, बाकीच्यांवर कपडा झाकलाय. आमचं चुकलं कुठं?

मशीन मिळाली म्हणजे धंदा मिळाला, असं धरलंत, तिथं चुकलं. गावात आधीच तीन-चार जणी शिवत असतात आणि त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. नव्या बाईला ब्लाउजचं कटिंग नीट येईपर्यंत पाच-सहा महिने जातात, आणि तेवढ्यात दोन कपडे बिघडले तर त्याची भरपाई तिच्याच पदरची. अस्तर, हुक, दोरे यांना लागणारे हजार-दीड हजार रुपये कुणी देत नाही. पिको-फॉलचं काम बरं मिळतं, पण त्याची मशीन वेगळी. ज्या तिघींचं चाललंय त्यांना विचारून बघा, बहुतेक त्या आधीपासून शिवत असतील.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. नवरा गेल्यावर पहिल्या वर्षात बाईचं सगळ्यात मोठं नुकसान कागदावर होतं, आणि ते नंतर कुठल्याही मशिनीने भरून निघत नाही. तुमच्या गटाने हात घालायचा तो इथं.

वारस नोंदीची वर्दी मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही, पण काम लांबतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ घेऊन गावकामगार तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज करायचा. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. अर्ज आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत चढतो, चौकशी होते, मग फेरफार धरला जातो. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

फसायच्या जागा तीन. पहिली, प्रतिज्ञापत्रात सासरची मंडळी वारस म्हणून फक्त मुलगे लिहितात आणि बाईचं व मुलींचं नाव गाळतात. दुसरी, नाव लागतं पण ‘इतर हक्क’ या रकान्यात. कागदावर नाव दिसतं म्हणून बाई निर्धास्त राहते, पण भोगवटादार, म्हणजे जमिनीची धारक, म्हणून तिची नोंदच नसते. पीककर्जाला गेली की हे उघड होतं. तिसरी, दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत ‘नंतर बघू, आत्ता सही कर’ म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. नोंदणीकृत हक्कसोड एकदा झाली की पुढचा रस्ता कोर्टाचा. या एका गोष्टीसाठी तुमची कार्यकर्ती महिन्याच्या आत त्या घरी गेली पाहिजे.

शेतीचा उतारा झाला तरी काम संपत नाही. आपल्याकडे माणूस साखर कारखान्याचा सभासद असतो, दूध संस्थेचा असतो, विकास सोसायटीचं पीककर्ज अंगावर असतं, पतसंस्थेत ठेव असते. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज द्यावा लागतो. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असते, ती सातबाऱ्याबरोबर आपोआप बदलत नाही. ठेवीला दिराचं नाव नॉमिनी म्हणून असलं तर त्यामुळे दीर मालक ठरत नाही. तो पैसे स्वीकारतो, ते वारसांचे असतात.

मग पेन्शन. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच मिळणारे २० हजार. अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि आधारला न जोडलेल्या खात्यावर.

हिशेब करा. मशीन सात-साडेसात हजारांची धरली तर दहांचे सुमारे ७२ हजार. तेवढ्यातच महिना सहा हजारांवर एक अर्धवेळ कार्यकर्ती बारा महिने तहसील आणि चावडीच्या फेऱ्या मारू शकते. तिची वही अशी ठेवा: बाईचं नाव, मृत्यूची तारीख, कुठले कागद, कुठला कुठं अडलाय, पुढची तारीख. आठ मार्चला फोटो काढण्याजोगं यात काही नसतं, हे मात्र खरं.

आणि तुमच्याच तालुक्यातलं हेरवाड विसरू नका. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. खर्च जवळजवळ शून्य. पण नुसत्या ठरावाने बांगड्या थांबत नाहीत. अंत्यविधीच्या वेळी हे करणाऱ्या घरातल्या थोरल्या बायकाच असतात. त्यांच्याशी आधी बोलणं झालेलं असेल तरच त्या दिवशी कुणीतरी ‘नको’ म्हणतं.

प्रश्न: देणगीदार मदत घेणाऱ्या मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो मागतात. द्यावेत का?

नाही. पाठमोरे, हातांचे, वर्गाचे द्या. ज्या पोराला दप्तर घेताना टिपलंय तो उद्या कॉलेजात जाणार असतो, आणि फोटो कुठेतरी राहतोच. देणगीदार अडून बसला तर त्याला प्रत्यक्ष वर्गात एक तास बसायला बोलवा.

प्रश्न: आम्ही ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तळांवर वर्ग चालवतो. औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) टॅब द्यायला तयार आहे, पण शिक्षिकांचं मानधन नको म्हणते. ‘कायद्याने प्रशासन खर्च ५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही’ असं त्यांचे अधिकारी सांगतात. हे खरं आहे का?

५ टक्के खरे, त्यांचा अर्थ चुकीचा. सीएसआर नियमातली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरलाच जात नाही. शिक्षिका हाच तुमचा प्रकल्प, तिचं मानधन प्रशासनात कसं बसेल? बरेच जण यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातली २० टक्क्यांची मर्यादा मिसळतात (२०२० च्या दुरुस्तीत ती ५० वरून २० झाली). ती परकीय पैशाला लागू आहे, तुमच्या वसाहतीतल्या कंपनीच्या पैशाला नाही.

अधिकाऱ्याशी वाद घालू नका, त्याला अंदाजपत्रक नीट मांडून द्या. उदाहरणादाखल चार तळ, प्रत्येकी ३० मुलं, नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने धरू.

चार शिक्षिका, प्रत्येकी ९ हजार, पाच महिने: १ लाख ८० हजार. एक समन्वयक १५ हजारांवर सात महिने, कारण सर्वेक्षण हंगामाआधी आणि शाळेतल्या नोंदी हंगामानंतर असतात: १ लाख ५ हजार. पेट्रोल महिना ३ हजार: २१ हजार. पाट्या, पुस्तकं, ताडपत्री, सतरंज्या मिळून मुलामागे ४००: ४८ हजार. बेरीज ३ लाख ५४ हजार. यावर कार्यालयाचा वाटा १२ टक्के, म्हणजे सुमारे ४२ हजार ५००. भाडं, हिशेबनीस, ऑडिट, फोन यातून. एकूण ३ लाख ९६ हजार ५००, मुलामागे सुमारे ३३०० रुपये.

शेवटची ओळ लपवू नका. बहुतेक लहान संस्था ती ‘साहित्य’ किंवा ‘प्रवास’ यात घुसडतात. ऑडिटमध्ये मग पेट्रोलच्या पावत्या जुळत नाहीत आणि प्रामाणिक संस्था खोटारडी दिसते. देणगीदारांनी ‘शंभरातले शंभर रुपये गरिबापर्यंत’ ही अट घातली की असंच होतं. हिशेबनिसाला पगार नसलेल्या संस्थेत पैसे कुठे गेले हे सांगायलाही कुणी नसतं.

तळावर टॅब चार्ज करायला वीज नसते. पाचटाच्या खोपीत, चिखलात, दोन महिन्यांत किती शिल्लक राहतील याचा अंदाज तुम्हालाच जास्त. कंपनीला टॅबच द्यायचे असतील तर ते समन्वयकाकडे हजेरी आणि चाचणीच्या नोंदींसाठी एक-दोन पुरेत.

पैशाच्या वेळेचंही बोलून घ्या. टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात, कंपनीची मंजुरी डिसेंबरात होते, पहिला हप्ता जानेवारीत पडतो. तोवर निम्मा हंगाम गेलेला. कंपनीच्या संचालक मंडळाने तुमचं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो, आणि मार्चअखेर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. तुमच्याकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारदरबारी नोंद) हवा. त्याशिवाय चेक निघतच नाही.

एक गोष्ट कंपनीला सांगाल त्याआधी स्वतःला विचारा. तुमचा वर्ग कायमचा हवा का? शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या जिल्हा परिषद शाळेला मुलाला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं. दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड सोबत असलं तर काम सोपं होतं. तळ ते शाळा या दोन किलोमीटरांची सोय झाली तर कित्येक ठिकाणी वेगळ्या वर्गाची गरज संपते. सगळीकडे नाही. टोळी हंगामात दोनदा हलली तर शाळा सुटतेच, शिवाय धाकटं भावंड सांभाळणारी मुलगी भावंडाची सोय झाल्याशिवाय शाळेत येत नाही. तेव्हा अंदाजपत्रकात एका सांभाळणाऱ्या बाईचं मानधन टाका. चार टॅबांपेक्षा ते कमीच भरेल.

प्रश्न: करवीर तालुक्यातल्या आमच्या युवक मंडळाने २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मदत वाटली. ट्रकच्या ट्रक जुने कपडे आणि बिस्किटं पडून राहिली. पुढच्या वेळी काय करावं?

दोन्ही वेळी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९, धोका ४३. म्हणजे तुमच्याकडे आकडा असतो आणि काही तासांचा अवधीही असतो. बहुतेक पैसा मात्र पाणी घरात शिरल्यावर जमतो.

जुने कपडे घेऊच नका. निवडायला दहा माणसं अडकतात, ओले होतात, कुणी घालत नाही. पहिल्या तीन दिवसांत शिजवलेलं अन्न, पिण्याचं पाणी, नेहमीच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड आणि जनावरांना वैरण. त्यानंतर घर धुण्याचं सामान: फावडी, घमेली, फिनेल, गमबूट. पंधरवड्यानंतर रोख रक्कम, थेट खात्यात. माणसाला गादी हवी की शेगडी हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, आणि पैसा गावातल्याच दुकानात फिरतो. यादी सरपंचांकडून घ्या पण तेवढ्यावर थांबू नका. भाडेकरू, सालगडी, पालावरची कुटुंबं पंचनाम्यातून हमखास सुटतात. यादी चावडीवर लावा, दोन दिवस हरकती घ्या, मगच पैसे सोडा.

विहिरींचं पाणी शुद्ध करण्याचं काम मंडळाच्या मुलांना शिकवून ठेवा. समजा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर. ३.१४ × ४ × ४ ÷ ४ × ३ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर या मापाने ९४ ग्रॅम, धरा १००. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं थांबून चुना खाली बसू द्यायचा. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत खाली सोडायची आणि खालीवर ढवळायची. गाळ टाकायचा नाही. एक तासाने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. पिवळी झाक आली नाही तर पुन्हा डोस. पुरानंतर पहिला डोस बहुधा पुरत नाही, कारण गाळ आणि शेणघाण क्लोरीन खाऊन टाकतात. शक्य असेल तर आधी उपसा करा. आणि गोदामात तोंड उघडं पडलेली पोती वापरू नका. त्यातला क्लोरीन उडालेला असतो, उरतो तो चुना.

मे महिन्यात चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत घरोघर एक वही फिरवा: चालता न येणारे, गरोदर बायका, डायलिसिसवाले, जनावरं किती, कोणाकडे बोट, कोणाकडे ट्रॅक्टर. ३९ फुटांना कोण कुणाला हलवणार हे नावानिशी लिहा. जनावरांची सोय आधी ठरवा. म्हैस गोठ्यात असेल तर माणूस घर सोडत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि आराखड्यात कुणी लिहीत नाही.

प्रश्न: मंगळवार पेठेतल्या आमच्या तालीम मंडळाकडे गणेशोत्सवानंतर साधारण ४ लाख उरतात. दरवर्षी हजार मुलांना वह्या वाटतो. यंदा टिकेल असं काही करायचं आहे.

आधी एक तपासा: वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी आहे ना, आणि हिशेब गेलाय ना?

वह्यांबद्दल. केनियात शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवून काय होतं याचा काटेकोर अभ्यास झाला, तेव्हा फायदा दिसला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासोबत. या दोघांनी मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या मागे पडलेल्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास केला होता. तिथे मुलं पुढे गेली, कारण वर्ग मुलाच्या पातळीचा होता.

ते तुम्हाला जमण्यासारखं आहे. एकच महापालिका शाळा घ्या. मुख्याध्यापक आणि प्राथमिक शिक्षण समितीचं लेखी पत्र घ्या, पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातून जाऊ द्या. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची जूनमध्ये तोंडी तपासणी करा: अक्षर, सोपा शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. जिथे अडलं ती त्याची पातळी. मग इयत्ता विसरून पातळीनुसार गट पाडा आणि रोज दीड तास फक्त वाचन-गणित. दोन ताई १० हजारांवर दहा महिने म्हणजे २ लाख, साहित्य २० हजार. उरलेले १ लाख ८० हजार खर्चू नका, ते दुसऱ्या वर्षाचे. एका वर्षात सोडलेलं काम शाळेला पुढच्या मंडळाबद्दलही साशंक करून ठेवतं.

तपासणी सप्टेंबर आणि जानेवारीत पुन्हा करा, त्याच कागदावर. ‘परिच्छेद’वर अडकलेला गट हलत नसेल तर ताईंना दोष देण्याआधी हजेरी बघा.

प्रश्न: आम्ही निवृत्त दांपत्य, मूलबाळ नाही. २५ लाख आणि राजारामपुरीतला फ्लॅट समाजकार्याला द्यायचा आहे. स्वतःचा ट्रस्ट काढावा का?

शक्यतो नको. २५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ७५ हजार येतात. त्यातून ऑडिट, हिशेबनीस आणि विवरणपत्रं वजा करा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्चायचे, नाहीतर फॉर्म भरून कारण द्यायचं. फ्लॅट ट्रस्टच्या नावावर गेला की विकायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी. तुमच्यानंतर हे कोण करणार?

दसरा चौकात उभे राहिलात तर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग ही विद्यार्थी वसतिगृहं समोर दिसतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली. जागा आणि उत्पन्नाचं साधन दिलं, कारभार त्या त्या समाजाच्या माणसांवर सोपवला. जोडीला १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम आणि १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण होतं, म्हणून शिकलेल्या पोराला पुढे जागा मिळाली. तुम्ही हुकूम काढू शकत नाही, पण चालत्या संस्थेवर विश्वास टाकू शकता.

दोन-तीन संस्था निवडा. मागा: परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा (त्यातले विश्वस्त हयात आहेत का बघा, हसू नका), तीन वर्षांची परिशिष्ट ८ आणि ९ मधली (ताळेबंद आणि जमाखर्च) ऑडिट केलेली पत्रकं, आणि गेल्या वर्षी काय फसलं याचं उत्तर. ‘काहीच नाही’ म्हणाले तर पुढच्या संस्थेकडे जा. पहिल्या वर्षी २ लाख द्या, कुठल्याही कामाला वापरा म्हणून. ठीक वाटलं तर तीन वर्षांचं लेखी वचन द्या. कायम ठेव म्हणून द्यायचं असेल तर पत्रात ‘कॉर्पस’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर ते चालू उत्पन्नात धरलं जातं. दोन हजारांच्या वर रोखीने देऊ नका, देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर ती तशीही नाही, तेव्हा सवलतीसाठी घाई करू नका.

फ्लॅट हयातीत देऊ नका. नोंदणीकृत मृत्युपत्रात संस्थेचं नाव पूर्ण, नोंदणी क्रमांकासह लिहा, कारण सारख्या नावाच्या तीन संस्था एकाच जिल्ह्यात सापडतात. संस्था बंद पडलेली असल्यास कोणाला, तेही त्यातच लिहा, आणि मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून तुमच्यापेक्षा वयाने लहान माणूस नेमा.